भिंतीला फोड येतात का?

गिरगावातल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली आहे : 'जिन्यातील भिंतींना फोड आले असून लवकरच रंगकाम हाती घेण्यात येईल.' ती वाचून त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या, "भिंतीला काय कांजिण्या झाल्यात?" तर फोड फक्त अंगावरच येतो, की भिंतीलाही आलेला चालतो?

आत्याबाईंचा कान तयार आहे. सेक्रेटरीही अगदीच चुकलेले नाहीत म्हणा.

शब्दाचं मूळ संस्कृत 'स्फोट'. 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या ग्रंथात अंगावर फोड उठण्याच्या विकाराला 'विस्फोट' असंच नाव आहे. मराठीने पुल्लिंगी फोड अंगाला दिला आणि स्त्रीलिंगी फोड कैरीला : तळव्याला फोड आले, पण लोणच्यासाठी फोडी केल्या. क्रियापदंही ठरलेली आहेत. फोड येतो किंवा उठतो, घट्टा पडतो. मुंबईत 'पायाला छाले पडले' सर्रास ऐकू येतं, ते हिंदीचं देणं. 'तोंडात छाले' मात्र मला सोसवत नाही. 'तोंड आलंय' इतकं नेटकं बोलणं घरात असताना कशाला हवं ते?

आता फोड म्हणायला काय काय लागतं ते बघू. वरचा थर अखंड हवा, तो खालून सुटलेला हवा आणि मधल्या पोकळीत काहीतरी भरलेलं हवं. नवी चप्पल टाचेला लागते तेव्हा नेमकं हेच होतं. वरची कातडी चपलेला धरून राहते आणि आतलं हाड पावलागणिक पुढेमागे सरकतं. मधल्या मध्ये ओढाताण होते ती बाह्यत्वचेच्या आतल्या पेशींची. त्या थकून फाटतात, चीर पडते आणि त्या फटीत भोवतालचा द्रव झिरपतो. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून हे पाणी नितळ. बोट दारात चेमटलं तर खालच्या वाहिन्या फुटतात, मग फोड काळा-लाल दिसतो. हात वाफेने पोळला तर आणखी खोलवर, बाह्यत्वचा जिथे खालच्या थराला चिकटलेली असते तिथे ती सुटते. पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी लोकलमागे धावणाऱ्यांना फोड लवकर येतात, कारण दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त धरते आणि ओढाताण वाढते.

इथे 'तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपणे' हा वाक्प्रचार आठवायलाच हवा. पाठीवरच्या किंवा दंडावरच्या फोडाप्रमाणे नाही, तळहातावरच्याच. दंडाची कातडी पातळ असते. ती घासली तर सोलवटते, फोड धरायला वर थरच उरत नाही. तळहात-तळपायांची वरची त्वचा जाड. ती झिजत नाही, त्यामुळे घासण्याचा फोड खरा इथलाच. शिवाय हाताने काम तर करायचं आणि तो फुटू द्यायचा नाही, ही कसरत त्यात आलीच. डॉक्टरही आज हेच सांगतात : वरची साल ही आयती मलमपट्टी आहे, ती काढू नका. मुंबईहून पालखीबरोबर शिर्डीला चालत जाणाऱ्यांपैकी ज्यांना मधुमेह असेल त्यांनी तर फोडाला सुई लावण्याच्या फंदात पडूच नये. कोकणातला असो की घाटावरचा, ज्याने कुणी पहिल्यांदा हा वाक्प्रचार केला त्याच्या हातात कुदळ नक्की असणार.

भिंतीचं गणितही तेच आहे, भरतं ते वेगळं. गच्चीतून किंवा फुटलेल्या नळातून प्लास्टरमध्ये ओल शिरते. ऊन पडलं की तिची वाफ बाहेर यायला बघते आणि वर ऑइलपेंटचा न श्वास घेणारा थर बसलेला असतो. तो सुटतो आणि फुगतो. जुन्या चाळींच्या भिंतींना चुना असायचा. त्यातून वाफ निघून जायची, म्हणून तो फुगत नसे. फार तर लोणा लागून भुकटी कपड्यांना लागायची. कारण शोधायचं तर फुगलेला रंग चाकूने कापून त्याच्या मागे बघावं. मागे उघडं प्लास्टर दिसलं तर ओल आतून आलेली. मागे जुन्या रंगाचा थर दिसला तर बहुधा तापलेल्या भिंतीवर किंवा आधीचा हात वाळायच्या आत रंग मारलेला. (हातावरच्या फोडाला हा प्रयोग नको.)

फायबरच्या होडीच्या बुडाला असेच फुगे येतात. पाणी वरच्या थरातून झिरपून आतली न मुरलेली रसायनं विरघळवतं आणि ते दाट द्रावण आणखी पाणी ओढून घेतं. फुगा फोडला तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पोलादात तर हायड्रोजनचे सुटे अणू शिरतात, आतल्या एखाद्या फटीत त्यांच्या जोड्या जमतात, मग त्यांना बाहेर पडता येत नाही आणि दाबाने जाड पत्रा फुगतो. अशा फुगवट्याला 'फोड' म्हटलं तर माझी हरकत नाही. तिथे बोलीत दुसरा शब्द रुळलेलाच नाही.

भिंतीसाठी मात्र तो आहे, तोही टप्प्याटप्प्याचा. वाफेने वर येतं ते 'फुगतं' : भाकरी टम्म फुगते, तिला फोड येत नाहीत. रंगही फुगतो, सनमायकाही फुगतो. मग तो तडकून लोंबायला लागला की 'पोपडा'. अंगावरच्या फोडापुढे साल निघते किंवा खपली धरते, भिंतीला कधी खपली धरत नाही.

म्हणून सूचना मी अशी लिहिली असती : 'जिन्यातील भिंतींना ओल आली असून रंग फुगला आहे व पोपडे सुटले आहेत.' ओल आधी लिहिली की रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवायचं, हेही सभासदांना सांगावं लागत नाही.