जम्मू-काश्मीरमधले गुज्जर पशुपालक पुरुष कोणता पोशाख घालतात आणि त्यांचा उदरनिर्वाह कशावर चालतो?

ढगळ सलवार, गुडघ्यापर्यंतचा सैल कमीज, वर जाकीट आणि डोक्याला पगडी किंवा टोपी. थंडीत खांद्यावर लोकरीची जाड चादर. तीच रात्री पांघरूण होते. हातात काठी असतेच. तरुण मुलं आता बाजारातले स्वेटर आणि बूट सर्रास घालतात.

उदरनिर्वाह मुख्यतः म्हशींवर. दूध, तूप आणि 'कलाडी' नावाचं चीज विकून घर चालतं. शेळ्या-मेंढ्या राखणारे ते बकरवाल, त्यांचेच भाऊबंद. उन्हाळा लागला की कळप जम्मूच्या सखल भागातून पीर पंजाल पर्वतरांग ओलांडून उंचावरच्या कुरणांत जातात आणि थंडीच्या आधी खाली येतात. बरेच गुज्जर मात्र आता एका जागी स्थिरावून मका पिकवतात, मजुरी किंवा नोकरी करतात.

दोन्ही समाजांना १९९१ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तरी वाटेतली कुरणं आक्रसत चालली आहेत, आणि माझ्या मते कळपवाल्यांचा खरा प्रश्न तोच आहे. चराईच नसेल तर म्हशी जगवायच्या कशा?

खानदेशातले गुजर शेतकरी वेगळे, त्यांच्याशी गल्लत करू नका.