लोखंडी कवचाची गोगलगाय खरोखर असते का, आणि तिचा शंख संग्रहासाठी मिळू शकेल का?

अशी गोगलगाय खरोखर आहे. तिचे शास्त्रीय नाव क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम असून, हिंदी महासागरात सुमारे २,४०० ते २,९०० मीटर खोलीवर समुद्रतळातून जेथे अतिउष्ण पाणी उसळते, त्या झऱ्यांच्या आसपासच ती राहते. २००१ मध्ये कायरेई नावाच्या झऱ्यांपाशी ती प्रथम आढळली.

साधारण शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. हिच्या शंखात तो थर सर्वांत आत, त्यावर जाड सेंद्रिय थर आणि सर्वांत बाहेर लोह सल्फाइडचा, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा, काळा थर असतो. पायाच्या कडांवरही तशाच काळ्या खवल्यांच्या रांगा कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या दिसतात. त्यांतील ग्रेगाइट या खनिजामुळे ते चुंबकाकडे ओढले जातात.

हे लोखंड गोगलगायीने मुद्दाम चढवलेले चिलखत आहे, असे सर्रास लिहिले जाते. मला ते घाईचे वाटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, खवल्यांतील सूक्ष्म नलिकांमधून गोगलगाय गंधक बाहेर सोडते आणि झऱ्याच्या पाण्यातून आत झिरपलेल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन ही खनिजे बनतात. सॉलिटेअर येथील झऱ्यांच्या पाण्यात लोह फारच कमी असल्यामुळे तेथील याच जातीच्या गोगलगायींवर लोखंडाचा थर नसतो आणि त्या फिकट दिसतात, तरीही त्या तेथे उत्तम जगतात. तिचे अन्नही झऱ्यावरच अवलंबून आहे, कारण अन्ननलिकेच्या मोठ्या झालेल्या ग्रंथीत राहणारे जिवाणू झऱ्यातील रसायनांच्या आधारे तिचे पोषण करतात.

संग्रहाबाबत माझे स्पष्ट मत असे, की हा शंख मिळवण्याच्या मागे लागू नये. हवेच्या संपर्कात त्याला गंज चढतो, हे तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जगातील तिची ज्ञात वस्तीस्थाने अगदी मोजकी आहेत आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने खोल समुद्रातील खाणकामाच्या धोक्यामुळे तिची नोंद संकटग्रस्त जातींमध्ये केली. तिच्या झऱ्यांभोवती साचणाऱ्या सल्फाइडांत तांबे आणि जस्त असते. भारतानेही २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरात १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा सल्फाइडांच्या शोधाचे हक्क मिळवले आहेत. म्हणून या सर्वेक्षणात धातूंच्या मोजदादीइतकीच काळजीपूर्वक तेथील जिवांची नोंद व्हावी आणि जिवंत झरे खाणकामातून पूर्णपणे वगळावेत, अशी मागणी आपण आताच केली पाहिजे.