‘बेल-इन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: डबघाईला आलेली बँक सरकारी तिजोरीतून वाचवली तर ते ‘बेल-आउट’, आणि तिच्याच धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे ती देणे लागते त्यांना, तोटा सोसायला लावून वाचवली तर ‘बेल-इन’. या दुसऱ्या शब्दाला ‘अंतर्गत तारण’ म्हणावे का?

म्हणू नये. ‘तारणे’ म्हणजे वाचवणे हे खरे, पण बँकेत ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेला ऐवज. सोनेतारण, मालतारण हे शब्द ज्याच्या रोजच्या तोंडी आहेत, तो ‘अंतर्गत तारण’ वाचून भलतेच समजेल.

माझा शब्द ‘देणेकपात’. घडते ते तेच. बँकेची देणी कापली जातात किंवा त्यांच्या बदल्यात शेअर हातात ठेवले जातात. आधी भागधारकांचे भांडवल बुडते, मग रोखेधारकांचे, आणि एवढ्यानेही भागले नाही तर ठेव विम्याच्या मर्यादेपलीकडच्या मोठ्या ठेवींची पाळी येते. २०१३ मध्ये सायप्रसमध्ये ती आली. बँक ऑफ सायप्रसमध्ये १ लाख युरोंच्या वर ज्यांच्या ठेवी होत्या, त्यांच्या त्या वरच्या रकमेतले ४७.५ टक्के शेअरांत बदलले गेले. बेल-आउटला ‘सरकारी टेकू’ म्हणावे. टेकू कशाला देतात हे कोणाला सांगावे लागत नाही.

पण खरी अडचण ‘बेल-इन’मध्ये नाही, ‘ठेव’ या शब्दात आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये लोकसभेत वित्तीय संस्थांच्या निराकरणाचे (म्हणजे बुडू लागलेल्या संस्था मार्गी लावण्याचे) आणि ठेव विम्याचे विधेयक आले. त्याच्या ५२व्या कलमात बेल-इनची तरतूद होती. विम्याखालची ठेव तिच्यातून वगळलेली होती, पण तो विमा तेव्हा अवघा १ लाखाचा. (५ लाखांचा झाला तो फेब्रुवारी २०२०मध्ये.) त्या हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर ‘ठेवी बुडणार’ अशा निरोपांचा पाऊस पडला. माझी आत्या मुदत ठेवीची पावती घेऊन आमच्याकडे आली. तिला म्हटले, “बँकेच्या लेखी तू धनको आहेस.” ती म्हणाली, “मी कुठे कर्ज दिलंय रे त्यांना? मी पैसे ठेवलेत.”

भाषेच्या बाजूने पाहिले तर आत्याचेच बरोबर. जे ठेवले ते जसेच्या तसे परत मिळावे, हाच ‘ठेवणे’चा अर्थ. शेजारणीकडे ठेवलेला डबा तिचा होत नाही. कायदा मात्र वेगळे सांगतो. फोली विरुद्ध हिल या १८४८च्या इंग्लंडमधल्या निवाड्यापासून हे पक्के आहे की बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो आणि खातेदार उरतो तिचा धनको. ताळेबंदात ठेवी ‘देणी’ या बाजूला मांडतात त्या म्हणूनच.

विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये मागे घेतले गेले. त्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात ‘ठेवीदारांच्या पैशावर डल्ला’ असे बरेच होते. लोकांची भीती खरी होती, पण डल्ला म्हणजे चोरी, आणि ही तर कायद्यात लिहिलेली कपात. ‘देणेकपात’ म्हटले की निदान एवढे तरी विचारता येते: कोणाचे देणे, किती, आणि कोणाच्या आधी?

वापर असा: “सरकारने टेकू दिला नाही, बँक देणेकपात करून सावरली.”