हवाई बेटांवरचे सुरवंट खरंच माश्या पकडून खातात का?

हो, खातात, पण तिथले सगळे नाही, फक्त युपिथेसिया गटातल्या पतंगांचे. पानाच्या कडेला काडीसारखा निपचित बसलेला सुरवंट, मागच्या टोकाच्या केसांना माशी लागली की झटकन उलटा वळून पुढच्या पायांनी तिला धरतो. कीटकशास्त्रज्ञ स्टीव्हन माँटगोमेरी यांनी १९७२ मध्ये हे पहिल्यांदा पाहिलं. गंमत म्हणजे या गटाच्या जगभर हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्यांचे सुरवंट साधारणपणे फुलं, बिया, पानंच खातात! हवाईत मुळात प्रार्थनाकीटक नव्हते, त्यामुळे दबा धरणाऱ्या शिकाऱ्याची जागा मोकळी होती, हे कारण मला पटतं. हवाईतल्या या शिकारी गटातही अपवाद आहे: युपिथेसिया मॉन्टिकोलेन्सचा सुरवंट ओहिया झाडाची फुलं खातो.