तोंड मिटून पाहा

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले चाचणीचे ध्वनिमुद्रण, दोन्ही मिळाले. तू लिहितेस की दवाखान्यात नंबर लावण्यासाठी तुम्ही केलेले ॲप चांगलेच होते, ‘युजर’ तयार नव्हते, तरीही सरांनी गुण कापले, आणि आता माणसे संगणक कसा वापरतात याचा हा विषय सोडून मशीन लर्निंग घ्यावे असे वाटू लागले आहे. ध्वनिमुद्रणात मला वेगळेच ऐकू आले. ॲप वापरून पाहायला बसवलेल्या काकू, नंबराची वेळ बदला असे सांगितल्यावर थांबल्या, “इथंच असेल कुठंतरी” असे पुटपुटल्या, आणि लगेच तुझा आवाज आला: “काकू, वर डावीकडे त्या तीन रेघा आहेत ना, तिथं दाबा.” चाचणी तिथेच संपली. त्यापुढे तू त्यांची शिकवणी घेत होतीस.

मेनू उघडणारे ते तीन रेघांचे चिन्ह 1981 च्या झेरॉक्स स्टार या संगणकावर होते, पुढे फोनच्या लहान पडद्यांमुळे ते सगळीकडे पसरले, आणि तुझ्या पिढीला ते बाराखडीसारखे पाठ आहे. काकूंना ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तू गप्प राहिली असतीस तर ‘सकाळी साडेदहा’ असे जिथे लिहिले होते त्या ओळीवरच त्यांनी कदाचित बोट ठेवले असते, कारण वेळ बदलायची तर माणूस आधी वेळेलाच हात लावतो. तसे झाले असते तर पडद्याची निम्मी दुरुस्ती त्यांनीच तुला फुकट करून दिली असती. आता ते कळायला मार्ग उरला नाही. सरांनी गुण कापले ते योग्यच केले.

तोंड मिटून पाहायचे, एवढेच मी या पत्रात सांगणार आहे, आणि तू कंटाळलीस तरी पुन्हा सांगणार आहे.

त्यापेक्षा लोकांना सरळ विचारले तर, असे तू म्हणशील. विचारून फार थोडे कळते. आधी पैसे आणि मग कार्ड देणाऱ्या एटीएममध्ये लोक कार्ड विसरून जात, कारण पैसे हातात पडले की मनाच्या लेखी काम संपलेले असते. म्हणून कार्ड आधी परत देण्याची रीत आली. त्याच लोकांना रांगेत गाठून विचारले असते तर “मी कशाला कार्ड विसरेन?” असेच उत्तर मिळाले असते, आणि तेही अगदी प्रामाणिकपणे. माणूस काय करतो आणि आपण काय करतो असे त्याला वाटते, यांतले अंतर पाहिल्यावाचून सापडत नाही. पाहणाराच बडबडत राहिला तर पाहूनही सापडत नाही.

“अवघ्या पाच माणसांवरून काय सिद्ध होणार?” हा तुझा दुसरा आक्षेप. सिद्ध करायला कोणी सांगितले आहे? दोष शोधायचे आहेत. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर या अभ्यासकांनी 1993 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, एक माणूस सरासरी 31 टक्के दोष उघडे पाडत असेल तर पाच जणांत सुमारे 85 टक्के उघडे पडतात. हा आकडा प्रत्येक ॲपला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. पण पाच जणांना बसवावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा नवे पाच जण बसवावेत, हा मार्ग त्यातून घेण्यासारखा आहे. मात्र पाचही जणांना उत्तरे तूच पुरवलीस तर एकही दोष हाती लागणार नाही.

परीक्षेसाठी फिट्सचा 1954 चा नियम (लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोचायला वेळ जास्त) आणि पडदे कसे असावेत याविषयीची नील्सनची दहा तत्त्वे पाठ कर, त्याला माझी हरकत नाही. फक्त मानसशास्त्रज्ञ मिलरच्या 1956 च्या लेखाचा दाखला देऊन ‘मेनूत सातच पर्याय हवेत’ असे लिहू नकोस. तो लेख स्मरणाच्या मर्यादेविषयी आहे, आणि मेनू तर डोळ्यांसमोरच असतो.

“हे सजावटीचे काम आहे” या तुझ्या वाक्याचा मात्र मला राग आला. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राविषयी वाच. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि काढून टाकलेल्या सुरक्षा-यंत्रणेत होता, हे खरे. पण टेक्सासमधील टायलर येथे 1986 मध्ये पडद्यावर उमटले ते फक्त ‘मालफंक्शन 54’ (म्हणजे ‘बिघाड 54’), आणि असल्या अर्थहीन सूचना नेहमीच येत असल्याने यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने सवयीने ‘पी’ ही कळ दाबून काम पुढे नेले. त्या खोलीत आधी कोणी एखादा दिवस नुसते बसून पाहिले असते, तर ही सवय त्याच्या नजरेतून सुटली नसती.

मी ज्या कंपनीत होतो तिथे माझी ख्याती ‘कामे अडवणारा’ अशी होती. वापरणाऱ्या माणसांना पाहिल्याशिवाय मी पडद्यांवर सही करीत नसे. तारखा पुढे जात, बैठकीत माझ्याकडे पाहून उसासे टाकले जात, आणि बढतीच्या यादीत माझे नाव येईनासे झाले. हेकट म्हणत, म्हणोत बापडे. माझ्या हातून गेलेल्या पडद्यांसाठी मदतीचे फोन कमी येत, आणि न आलेल्या फोनची नोंद कोणी ठेवत नाही. खंत एवढीच आहे की निर्णय घेणाऱ्या एकाही साहेबाला मी वापरणाऱ्याच्या मागच्या खुर्चीवर तोंड मिटून बसवू शकलो नाही. ते अहवाल मागत, आणि अहवालात घुटमळणारे बोट दिसत नाही.

तुला गप्प बसणे जड जाते, हे मला कळते. अडलेल्याला मदत करावी हाच आपल्यावरचा संस्कार आहे, आणि वयाने मोठी बाई अडखळत असताना नुसते पाहत राहणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून आधीच सांगून ठेव: “काकू, परीक्षा तुमची नाही, आमच्या ॲपची आहे. मनात येईल ते मोठ्यानं बोला. मी मध्ये बोलणार नाही, त्याचा राग मानू नका. कंटाळा आला तर सोडून द्या.” मग वही घे आणि बाजूला, किंचित मागे बस. त्यांनी “हे दाबू का?” असे विचारलेच, तर “तुम्हाला काय वाटतं?” एवढेच म्हण.

विषय सोडायचा की नाही, ते पुढच्या पाच चाचण्यांनंतर ठरव. मशीन लर्निंग कुठे पळून जात नाही. या वेळी फिग्मा हे पडदे आखण्याचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी पडदे कागदावर काढ, कारण कागद फाडताना जीव तुटत नाही. पाचही ध्वनिमुद्रणे मला पाठव. सुरुवातीच्या सूचना आणि तो एक प्रश्न सोडून तुझा आवाज जिथे ऐकू येईल, तिथून पुढचे मी ऐकणार नाही.