टीम चांगली चालावी म्हणून लीडरने नेमकं काय करावं?

आमच्या हर्णै बंदरातल्या तांडेलाकडे, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याकडे बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तो खलाशांबरोबर बसून फाटकी जाळी दुरुस्त करतो. कोणाची गाठ घट्ट बसते, कोण लवकर कंटाळतो, कोणाचं घरी बिनसलंय, हे त्याला तिथेच कळतं. मग ऑगस्टमध्ये जाळं कोणी सोडायचं, इंजिनापाशी कोणी थांबायचं, हे ओरडून सांगावं लागत नाही.

तुम्हीही काम वाटण्याआधी माणसं ओळखा. आणि प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवा. वाट्यावरच्या कुरबुरीने चांगल्या टीम मोडताना मी पाहिल्यात. चुकलं तर चारचौघांत झापू नका. भर समुद्रात जाळं फाटलं की आमचा तांडेल आधी सुई हातात घेतो, कोणाचं चुकलं ते किनाऱ्यावर आल्यावर विचारतो.