घाबरट कुत्रीला कॅम्पर व्हॅनमधून कोकणात न्यायचंय, झोपेची गोळी द्यावी का?

नको. "एक गोळी घातली की गाढ झोपते, प्रवास कळतही नाही" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलंय, त्यांच्या हातून तर अजिबात नको. असा एक जाणकार प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे ते माझे थोरले दीर आहेत.

तुम्ही लिहिलंय की कुत्री रस्त्यावरून आणलेली आहे, कानाला खाच आहे, व्हॅन दिसली की चारही पाय रोवते, लाळ गाळते आणि घाटात ओकते. त्या खाचेपाशी जरा थांबा. खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, हे तुम्हाला माहीत असणारच. पण ती खाच पडण्याआधी काय झालं असेल? जाळं पडलं, कोणीतरी उचलून पिंजऱ्याच्या गाडीत घातलं, आत आणखी चार भेदरलेली कुत्री, आणि गाडी थांबली तिथे ऑपरेशन. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे कुत्र्याला पुन्हा त्याच जागी आणून सोडायचं असतं, पण तोवर गाडी म्हणजे काय ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. "लाडावून ठेवलंय, नखरे करते" असं म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा. मी सांगून दमले.

आमची ठमी भवानी पेठेतली, लाकडाच्या वखारींजवळची. तिच्याही कानाला खाच. आमची व्हॅन म्हणजे जुनी ईको. मागची सीटं काढून प्लायचा पलंग, त्याखाली खण, एक शेगडी, पाण्याचा कॅन. एवढ्यावर आम्ही दोघं कोकण फिरतो. त्या वर्षी गणपतीला ठमीला पहिल्यांदाच गुहागरला, सासरच्या घरी नेलं. जाताना कुंभार्ली घाटात ओकली, थरथरली, पण पोचली. दारात भाऊजी उभेच होते. म्हणाले, "कुत्रं आणलंयस की सून?" मग त्यांच्या लहानपणीचा मोती आला. तो म्हणे बैलगाडीमागून मैलोन् मैल चालत यायचा, त्याला कसली भीती नाही की काही नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तो चालत यायचा. त्याला कोणी गाडीत कोंबलं नव्हतं." हे त्यांना लागलं असावं.

परतीच्या पहाटे मी नारळ आणि तांदळाची पिशवी बांधत असताना भाऊजींनी तुपाच्या पोळीच्या तुकड्यातून तिला गोळी दिली. मला विचारलं नाही, यांना विचारलं नाही. गाडी निघताना खिडकीशी येऊन सांगितलं, "आता बघ कशी गप्प जाते ते."

गप्प गेली, खरंच. चिपळूण यायच्या आत तिच्या पायांतला जीव गेला. यांना वाटलं झोपली. मी मागे तिच्या उशाशी बसले होते म्हणून मला दिसलं: डोळे उघडे होते. आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा अर्ध्या बुबुळावर आलेला, तोंडातून लाळेची तार माझ्या ओढणीवर, आणि ट्रकचा हॉर्न वाजला की खांद्यावरची कातडी तेवढी थरारायची. उठायचा प्रयत्न करायची, मान दोन बोटं उचलली जायची आणि परत पडायची. घाटात आडवी असतानाच ओकली. मी मान खाली वळवून बोटांनी तोंड रिकामं केलं नसतं तर ते श्वासनलिकेत गेलं असतं. पुण्यात डॉक्टरांना पाकीट दाखवलं. अ‍ॅसेप्रोमाझिन निघालं. त्यांनी सांगितलं की याने शरीर ढिलं पडतं, भीती कमी होतेच असं नाही. काही कुत्री आवाजाला उलट जास्त दचकतात. रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळणंही बिघडतं. म्हणजे आपल्याला शांत दिसणारं जनावर आतून तितकंच घाबरलेलं असतं, फक्त पळण्याची सोय आपण काढून घेतलेली असते.

भाऊजी आजही म्हणतात, "पण आली ना सुखरूप?" आली. त्यानंतर ती पार्किंगच्या त्या बाजूला फिरकेना, हे त्यांना पुण्याबाहेरून दिसत नाही.

आता तुमच्या कुत्रीबद्दल. आधी पोट आणि भीती वेगळी करा. व्हॅन उभी, इंजिन बंद, दार उघडं, अशी तिला आत घ्या. तेव्हाच लाळ, जांभया, ओठ चाटणं सुरू झालं तर भीती आहे. गाडी हलल्यावर, वळणांवरच सुरू झालं तर पोट. बहुतेकदा दोन्ही असतं, कारण ज्या जागी दर वेळी ओकायला होतं त्या जागेची भीती कोणालाही बसेल. म्हणून पोटाचा बंदोबस्त आधी. निघण्याआधीचे तीन-चार तास पोटभर खायला घालू नका, पाणी मात्र तोडू नका. गाडी लागण्यावर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं चांगलं औषध आहे, डॉक्टर वजनाप्रमाणे लिहून देतात. ते निघण्याच्या किमान दोन तास आधी, थोड्याशा खाण्याबरोबर द्यायचं असतं. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून दिलं तर उपयोग नाही. आपण एसटीत बसताना अव्होमिन घेतो म्हणून तिच्याही तोंडात अर्धी टाकायची, हा प्रकार करू नका.

भीतीला मात्र शॉर्टकट नाही. आम्ही ठमीचं संध्याकाळचं जेवण व्हॅनजवळ द्यायला लागलो. आधी लांब, मग दारापाशी, मग पायरीवर, मग आत. दार बंद केलं नाही. ईकोचं सरकतं दार बंद होताना जो धाडकन आवाज येतो त्यावर वेगळी मेहनत घेतली: ती खात असताना नवरा हळूच दार थोडंसं सरकवायचा आणि मी चिकनचा तुकडा टाकायचे. सोसायटीतले लोक बघायचे. मग इंजिन सुरू, गाडी जागेवरच. मग गेटपर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे उतरून मजेत फिरणं. ती खायची थांबली की आम्ही एक पायरी मागे. "ओढून आत टाक, दोन फेऱ्यांत सवय होते" हा उपाय मी ऐकलाय, कोणाकडून ते सांगायला नकोच. ओढून टाकलेलं कुत्रं सवय झाल्यासारखं दिसतं, कारण ते हार मानतं.

कॅम्परची एक गोष्ट साध्या गाडीत नसते, ती म्हणजे भांडी. मी मागे फरशीवर बसून लक्ष दिलं तेव्हा कळलं की ठमी खड्ड्याला घाबरत नव्हतीच. खड्ड्यात चाक जायचं, मग खणातले चमचे आणि कुकरचं झाकण खणखणायचं, आणि त्यानंतर तिचे कान मागे पडायचे. दर वेळी याच क्रमाने. चमचे जुन्या टॉवेलात गुंडाळले, झाकण उशीच्या अभ्र्यात, खणांच्या कडांना टिंबर मार्केटजवळून आणलेली फेल्टची पट्टी चिकटवली. तुम्हीही एकदा स्वतः चालवू नका, दुसऱ्याला चालवायला द्या आणि मागे तिच्या उंचीवर बसून महामार्ग ऐका. मुंबई-गोवा रस्त्यावर तुम्हाला यासाठी खड्डे शोधावे लागणार नाहीत.

तिची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध ठेवा, मागच्या चाकावर सर्वांत जास्त उसळते. ईको असेल तर इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सीटच्या लगेच मागची फरशी तापते. हात लावून बघा आणि जाड फोम घाला. पट्टा गळ्याला नको, अंगात हार्नेस घालून तो पक्क्या जागी अडकवा. मांडीवर घेऊन बसणं हे प्रेम नाही, ब्रेक लागला की ती काचेवर जाते.

आणि दार उघडण्याआधी साखळी हातात. आधी साखळी, मग दार, ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, सगळीकडे. घाबरट कुत्री हरवतात ती चालत्या गाडीतून नाही, थांबलेल्या गाडीतून. गळ्यात मोबाइल नंबराचा बिल्ला हवाच.

उन्हाबद्दल एकच. बाहेर 24 अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात 43 च्या आसपास पोचतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कोकणात बाहेर 24 कधी असतं ते तुम्हीच सांगा. "पाच मिनिटांत मासळी घेऊन येतो" म्हणून तिला आत ठेवू नका, एकाने बाहेर तिच्याजवळ थांबायचं.

हे सगळं मी डॉक्टर नसताना लिहितेय, हे आधी सांगायला हवं होतं. आणि सगळीच औषधं वाईट असं माझं म्हणणं नाही. काही कुत्र्यांची भीती इतकी असते की ती खातसुद्धा नाहीत, मग शिकणार कशी? अशांना डॉक्टर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन देतात. ती वेगळी औषधं आहेत आणि त्यांनी भीती खरंच उतरते. पण पहिला डोस घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन बघायचा, घाटात प्रयोग नको. पग किंवा चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर माझं ऐकूच नका, त्यांचा श्वासाचा मामला वेगळा असतो. आणि तुमच्याकडे महिनाभरच असेल, तरी कोकण कुठे पळून जात नाही. या खेपेला तिला ओळखीच्या माणसाकडे घरी ठेवलंत तर त्यात कमीपणा काही नाही. मीसुद्धा मधल्या एका वर्षी ठमीला बहिणीकडे ठेवलं होतं. भाऊजींना त्याचाही आनंद झाला, तो मी सोडून दिला.

मुक्काम कुठे करावा हे तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर माझ्याकडे थोडंच आहे, कारण आम्ही बहुतेक नातेवाइकांच्या अंगणात गाडी लावतो. गाडी किनाऱ्यावर वाळूत उतरवू नका, रुतते, आणि रात्री तिथली कुत्री आपल्या हद्दीत नवीन कुत्रीला टिकू देत नाहीत. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, जुलाब होतात. गोचिडांचं औषध निघण्याआधीच करून घ्या. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जाणार असाल तर लोखंडी फळीवर चाक चढताना मोठा आवाज होतो, त्या वेळी तिच्याजवळ मागे बसा, खायला हातात ठेवा. गादी कुठली घ्यावी म्हणता, तर नवी नकोच. घरी ज्या गोधडीवर ती झोपते तीच न्या, आणि न्यायच्या आधी धुऊ नका.